'डिटेक्टिव्ह कसले, कारकून आहेत' असं लिहून आमच्या डिटेक्टिव्ह एजन्सीला एकच स्टार देणाऱ्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जोडीदारावर पाळत ठेवायला सांगितली तर आधी फॉर्म भरायला लावला, ओळखपत्र मागितलं. कॉल रेकॉर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपचे चॅट काढून द्यायला सरळ नकार दिला. कामावर 'पन्नाशीची एक बाई' पाठवली. बिल लावलं ते गाडीत बसून राहण्याचं, आणि रिपोर्टात काय, तर नुसत्या वेळा. वर आमची बहुतेक कामं कंपन्यांची कागदपत्रं तपासण्याची असतात असं कळल्यावर तुम्ही आम्हाला कारकून ठरवलंत.

तुम्ही आमच्याकडे काम दिलं होतं की नाही, हे मी इथे सांगणार नाही. तुम्ही स्वतः जाहीर केलंत तरी नाही. पाळतीच्या कामात दोन बाजू असतात, आणि दुसऱ्या बाजूचा माणूसही हे वाचू शकतो. त्यामुळे पुढचं सगळं आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल आहे, तुमच्या घराबद्दल नाही.

कॉल रेकॉर्डचं आधी सांगते, कारण चौकशीला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना तेच हवं असतं. 'काढून देतो' म्हणणारे बाजारात आहेत, मला माहीत आहे. ते बहुधा दोन वाटांनी मिळतं: फोन कंपनीतला माणूस फोडून, नाहीतर फोनवर 'मीच तो ग्राहक' असं सोंग आणून. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीच्या संचालक मंडळातल्या बातम्या बाहेर कोण फोडतंय हे शोधायला नेमलेल्या तपासनीसांनी असंच सोंग आणून संचालकांचे आणि पत्रकारांचे फोन रेकॉर्ड मिळवले होते. २००६ मध्ये ते उघडकीला आलं आणि कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'साठी लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकणारा खासगी तपासनीस २००७ मध्ये तुरुंगात गेला, आणि त्याच्याबरोबर त्या वृत्तपत्राचा राजघराण्याच्या बातम्या पाहणारा संपादकही गेला. ते वृत्तपत्र २०११ मध्ये बंदच पडलं. म्हणजे करणारा अडकतो तसा करवून घेणाराही अडकतो. तुम्हाला नकार देणाऱ्याने तुमचंच भलं केलं, असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या गाडीला गुपचूप ट्रॅकर चिकटवण्याचंही तेच.

आता फॉर्म. 'माझी हरवलेली बहीण शोधून द्या' म्हणत येणारा माणूस खरंच भाऊ असतो, किंवा ती ज्याच्या मारहाणीला कंटाळून निघून गेली तो नवरा असतो. चेहऱ्यावरून ते कळत नाही. म्हणून आम्ही ओळख विचारतो, कारण विचारतो. आणि सज्ञान माणूस सापडला तरी पत्ता लगेच देत नाही. आधी त्या व्यक्तीला विचारतो, तुमची माहिती द्यायची का? ती नाही म्हणाली तर ग्राहकाला एवढंच कळतं की ती सुखरूप आहे आणि तिला संपर्क नको आहे. यावरून आमच्याशी भांडलेले ग्राहक आहेत. भांडोत.

गाडीत बसून राहण्याचे पैसे का? कारण पाळत म्हणजे मुख्यतः तेच. इंजिन बंद, एसी बंद, कारण उभ्या गाडीचं चालू इंजिन गल्लीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर येतं. माणूस मागच्या सीटवर, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला गाडी रिकामी वाटते. बरोबर दुसरा माणूस लागतोच: ज्याच्यावर नजर ठेवायची तो गाडी सोडून पायी बाजारात शिरला, तर एकाने त्याच्या मागे जायचं आणि दुसऱ्याने गाडी सांभाळायची. चहाला म्हणून थोडा वेळ नजर हलली आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं, तर अख्खा दिवस फुकट.

आणि रिपोर्टात 'नुसत्या वेळा' असतात, कारण आम्ही दिसलं ते लिहितो, वाटलं ते लिहीत नाही. '१०.४० : इमारतीतून बाहेर, निळा शर्ट, उजव्या खांद्यावर काळी बॅग. १०.५२ : रिक्षातून उतरून दवाखान्यात प्रवेश. १२.१५ पर्यंत बाहेर नाही.' आत कोण भेटलं, का गेला, कोणाशी लाडीगोडी केली, हे आम्ही पाहिलं नसेल तर ते रिपोर्टात नसतं. उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर उलटतपासणीत समोरचा वकील पहिला घाव अशाच मसालेदार वाक्यावर घालतो. काहीच संशयास्पद दिसलं नाही, तर तेही तसंच लिहितो. संशय खरा ठरवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही.

पन्नाशीच्या बाईबद्दल मात्र मला थोडं हसू आलं. अमेरिकेत खासगी डिटेक्टिव्ह एजन्सी चालवणाऱ्या अ‍ॅलन पिंकर्टन यांनी केट वॉर्न या बाईंना डिटेक्टिव्ह म्हणून नेमलं ते १८५६ मध्ये. १८६१ मध्ये लिंकन यांच्या जिवाला धोका असल्याची खबर आली, तेव्हा त्यांना रात्रीच्या रेल्वेतून गुपचूप नेताना 'माझा आजारी भाऊ' म्हणून सोबत बसल्या होत्या त्या याच. हातात भाजीची पिशवी घेतलेल्या बाईकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. आमच्या कामात याहून मोठी पात्रता कोणती असते, मला तरी माहीत नाही.

राहता राहिलं कारकून. खरं आहे, आमचा मोठा वेळ कागदांत जातो. उमेदवाराच्या अनुभवपत्रावर छापलेल्या नंबरवर आम्ही फोन करत नाही, त्या कंपनीचा नंबर स्वतंत्रपणे शोधून तिथे करतो. छापलेला नंबर उमेदवाराच्या मित्राचा निघण्याचा प्रकार या धंद्यात जुना आहे. भागीदार म्हणून पुढे आलेल्या माणसाचं गोदाम कागदावर असतं, मग आम्ही माल चढवण्याच्या वेळी तिथे जाऊन ट्रक येतात का ते पाहतो. विम्याच्या दाव्यात खांदा खरंच उचलत नाही असं दिसलं, तर विमा कंपनीला आवडो न आवडो, तसं लिहून देतो. आरोपीच्या वकिलासाठी घटनास्थळी त्याच वेळी रात्री उभं राहून पाहतो, की साक्षीदार म्हणतो तिथून चेहरा ओळखू येतो का. बनावट माल विकणाऱ्याकडून साधं गिऱ्हाईक होऊन वस्तू घेतो, पावतीसकट सील करतो. कोणाच्या बैठकीच्या खोलीत छुपा माइक आहे का, हे यंत्राने तपासतो आणि मग पेचकस घेऊन एकेक स्विचबोर्डही उघडतो, कारण एकट्या यंत्रावर विसंबून चालत नाही. पाळत हा यातला एक तुकडा आहे.

ज्या कोणाचं काम आमच्याकडे झालं आहे, त्यांना मूळ नोंदवही, फोटोंच्या मूळ फाइल्स आणि बिलातला तासांचा हिशेब ऑफिसात बसून पाहता येतो. ओळखपत्र घेऊन या. येण्याआधी फोन करा, पण घरच्या फोनवरून नको, आणि दोघं मिळून वापरता त्या ईमेलवरून तर मुळीच लिहू नका.