हत्ती वाचला हो

रविवारी मंगल कार्यालयात बुद्धिबळाची रेटिंगची टुर्नामेंट होती, क्लासिकल, म्हणजे प्रत्येकाला ९० मिनिटं आणि वर दर चालीला ३० सेकंद, त्यामुळे मी डबा, थर्मास आणि उशी (खुर्च्या प्लास्टिकच्या असतात, अनुभव आहे) घेऊन निघालो आणि बायकोला सांगितलं, दोनच्या आत काही येत नाही.

समोर कोण, तर तिसरीतली मुलगी. सर्दी झालेली. तिच्याकडे काळे मोहरे, माझ्याकडे पांढरे, आणि १९६० साली स्पास्कीने फिशरला (दोघेही पुढे जगज्जेते झाले) किंग्ज गॅम्बिट नावाच्या सुरुवातीने कसं हरवलं ते आदल्या रात्री यूट्यूबवर बघितल्यामुळे अंगात वारं शिरलेलं. ई-फोर, ई-फाइव्ह (ही पटावरच्या घरांची नावं) झालं, मग मी ऐटीत एफ-फोर सरकवलं. म्हणजे घे, फुकट प्यादं घे! पोरीने ते घेतलंच नाही, शांतपणे उंट सी-फाइव्हवर ठेवला. याला क्लासिकल डिफेन्स म्हणतात हे मला घरी गेल्यावर कळलं.

म्हटलं, तू नाही घेत ना, मग मीच घेतो, आणि तिचं ई-फाइव्हचं प्यादं खाल्लं. तिने बाहीला नाक पुसलं. वजीर एच-फोर. शह.

इथे मी २२ मिनिटं विचार केला. घड्याळात आहेत. जी-थ्रीने शह अडवला तर वजीर ई-फोरचं प्यादं परत शह देत खाणार, आणि मग कोपऱ्यातला आख्खा हत्ती! हत्ती असा घालवायचा? छे. राजाच सरकवू. राजाला हात लावला आणि नेमका तेव्हाच सी-फाइव्हवरून एफ-टूवर डोळा ठेवून बसलेला तो उंट दिसला, पण हात लावला की चाल करावीच लागते आणि राजाला जायला घर तरी कुठे, एकच, ई-टू. ठेवला. वजिराने ई-फोरचं प्यादं खाल्लं. संपलं. पोरगी 'मात' असंही म्हणाली नाही, कागदावर नुसतं हॅशचं चिन्ह काढून जीभ बाहेर काढत ते नीट गिरवत बसली.

हत्ती मात्र वाचला हो, शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

आता साडेदहाला घरी कसं जाणार? बाहेर पालकांच्या रांगेत उशी टाकून बसलो, डबा उघडला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचं कोण खेळतंय आत?"

"मुलगी," म्हटलं. "झाली तिची मॅच, चार चालींत जिंकली."

"अगं बाई! हुशार आहे हो," काकू म्हणाल्या, आणि मला एक लाडू दिला.