मरीन टाकीला टीडीएस पेन पुरत नाही

पुण्यात मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : समुद्री माशांच्या टाकीसाठी महागडी टेस्ट किट घेणे म्हणजे दुकानदाराची धन करणे होय, घरातल्या आरओसाठी आणलेला टीडीएस पेन पुरेसा आहे, पाणी नितळ असेल तर अमोनिया तपासण्याचे कारण नाही, गोड्या पाण्याचे किट खाऱ्या पाण्यालाही चालते, नायट्राइट पाहणे निरर्थक आहे, आणि किट कधी जुने होत नाही. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने नुकतीच मरीन टाकी सुरू केली आहे. हा संदेश वाचून त्याने किट घेण्याचा विचारच सोडून दिला, म्हणून याचा प्रतिवाद करणे भाग आहे.

टीडीएस पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिच्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात नेमका कोणता पदार्थ किती आहे, हे त्याला कळतच नाही. घरगुती पेनची मर्यादा बहुधा ९,९९० पीपीएम (ढोबळमानाने लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) असते आणि समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, म्हणजे टाकीचे पाणी मोजणे मुळातच त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. समजा त्याने आकडा दाखवला, तरी लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम अमोनिया त्या ३५,००० मिलिग्रॅममध्ये कसा ओळखणार? उसाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर केशराची काडी तोलण्याचा हा प्रकार आहे. मीठ मिसळण्यापूर्वीचे पाणी तपासायला पेन उपयोगी पडतो, एवढे मान्य करतो. स्वयंपाकघरातल्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार परत मिसळले जातात आणि उपनगरांत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते. तिथे पेनचा आकडा शून्याच्या जवळ आहे की नाही, हे जरूर पाहावे. टाकीच्या खारटपणासाठी मात्र रिफ्रॅक्टोमीटरच घ्यावा आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा.

नितळ पाण्याचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकणाऱ्याचे मासे मरतात. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही तो असू शकतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करणारा मुक्त अमोनिया. यांचे प्रमाण पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) आणि तापमानावर ठरते. इमर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके आजही याबाबतीत आधारभूत मानली जातात. त्यांनुसार २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.५७ टक्के मुक्त असतो, तर पीएच ८ ला तो ५.४ टक्के होतो आणि ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो. मिठामुळे हे प्रमाण थोडे घटते, पण मरीन टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ च्या दरम्यान असतो, आणि पुण्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसलेल्या टाकीचे पाणी सहज तापते. गोड्या पाण्यात निभावून जाणारा आकडा इथे जीवघेणा ठरतो, तो असा. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागेपर्यंत थांबायचे, असे या संदेशाला सुचवायचे आहे काय? नव्या टाकीत अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची साखळी बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात अमोनियाचे किट हाताशी नसेल तर मासे आणूच नयेत. किट सॅलिसिलेट पद्धतीचे घ्यावे. नेसलर पद्धतीच्या किटमध्ये पारा असतो आणि खाऱ्या पाण्यात त्याचा नमुना गढूळ होऊन रंग चुकीचा दिसू शकतो.

गोड्या पाण्याचे किट चालते, हे अर्धसत्य आहे. काही कंपन्यांची रसायने दोन्हीकडे तीच असतात, पण अमोनियाचा आणि नायट्रेटचा रंगतक्ता खाऱ्या पाण्यासाठी वेगळा येतो. एपीआय या कंपनीचे गोड्या पाण्याचे साधे पीएच किट ६.० ते ७.६ एवढेच दाखवते. मरीन टाकीला ७.४ ते ८.८ दाखवणारे उच्च पल्ल्याचे किट लागते.

नायट्राइटच्या बाबतीत संदेश बराचसा बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. समुद्राच्या पाण्यातला विपुल क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांवाटे आत शिरू देत नाही, त्यामुळे त्याची बाधा गोड्या पाण्याच्या मानाने फार कमी असते. पैसे वाचवायचेच असतील तर या किटवर वाचवावेत. मात्र नायट्राइट असताना नायट्रेटचे किट फुगवलेला आकडा दाखवते, हे ध्यानात असू द्यावे.

प्रवाळ ठेवायचे असतील तर अल्कलिनिटीचे (पीएच स्थिर राखणाऱ्या कार्बोनेट क्षारांच्या मापाचे) किट सर्वांत आधी घ्यावे. समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) असते आणि टाकीत तिचे रोजचे चढउतार प्रवाळाला सोसत नाहीत. त्यानंतर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची किटे घ्यावीत; समुद्रात त्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ४२० आणि १,३०० पीपीएमच्या जवळपास असते. सॅलिफर्ट या कंपनीच्या किटची, सिरिंजने थेंब थेंब रसायन टाकून मोजण्याची पद्धत यासाठी पुरेशी आहे.

किट जुने होत नाही, हे साफ खोटे आहे. खोक्यावर मुदत छापलेली असते. ती दुकानातच वाचावी आणि संपत आलेली असेल तर सवलतीतही ते किट घेऊ नये.