'गांजानं डोकं फिरत नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: गांजा ही महादेवाची बुटी, नैसर्गिक वनस्पती. परदेशात कायदेशीर आहे, औषध म्हणून देतात. डोकं फिरतं ही नुसती भीती. ज्याचं फिरतं, त्याचं आधीच फिरलेलं असतं. कुपवाड आणि विट्याकडं एमडी (मेफेड्रोन हा रासायनिक अमली पदार्थ) पकडल्यापासून 'त्यापेक्षा गांजा बरा' हेही त्याला जोडलं गेलंय. मी अकरावी-बारावीला शिकवतो. या मेसेजात कुठंही वय लिहिलेलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे.

नैसर्गिक म्हणाल तर धोतराही रानातच उगवतो. त्याचं फूल महादेवाला वाहतात, म्हणून कुणी त्याच्या बिया चावून खात नाही.

परदेशाचं म्हणाल तर कॅनडात बहुतेक प्रांतांत किमान वय 19 आहे, क्युबेकमध्ये 21, आणि अमेरिकेत ज्या राज्यांत मोकळीक आहे तिथंही 21. जर्मनीनं 2024 मध्ये परवानगी दिली ती प्रौढांना. त्यातही 18 ते 21 वयाच्यांना क्लबातून मिळणाऱ्या गांजात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, 10 टक्क्यांच्या वर चालत नाही. सोळा वर्षांच्या पोराला यातला कुठलाच कायदा 'ओढ' म्हणत नाही. औषधाचंही तसंच. 2018 मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या दुर्मिळ प्रकारांसाठी मंजूर झालं ते सीबीडीचं औषध, म्हणजे गांजातल्या नशा न आणणाऱ्या घटकाचं. नशा टीएचसीनं येते आणि भास-संशयाचा धोकाही प्रामुख्यानं त्याचाच. पुडीत ते किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

आता 'आधीच फिरलेलं असतं' हा मुद्दा. यात तथ्य आहे, म्हणून जरा थांबून बघू. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा गंभीर मानसिक आजार) असेल तर धोका मुळातच जास्त असतो, आणि काही मुलं बेचैनी दाबायला ओढू लागतात, हेही खरं. पण संशोधकांनीही हाच प्रश्न विचारला होता. स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यात भरती झालेल्या सुमारे 45 हजार तरुणांची पंधरा वर्षांची नोंद पाहिली. पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट निघालं. भरतीच्या वेळचे मानसिक त्रास आणि इतर कारणं वजा केल्यावर आकडा बराच उतरला, पण फरक पुसला गेला नाही. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये पंधराव्या वर्षापर्यंत सुरुवात केलेल्यांपैकी दहातल्या एकात सव्विसाव्या वर्षी तसा आजार दिसला. न ओढणाऱ्यांत शंभरात तिघांना. तिथली मुलं थोडी होती, म्हणून त्या एका अभ्यासावर मी सगळं उभं करत नाही. पण 2019 मध्ये युरोप आणि ब्राझीलच्या मोठ्या अभ्यासातही रोज ओढणाऱ्यांत भास-संशयाच्या आजाराचा धोका तिप्पट आणि रोज जहाल माल ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळला.

'माझा मामा वीस वर्षं ओढतोय, त्याला काय झालं?' हे मला वर्गातही ऐकवतात. बहुतेकांना काही होत नाही, बरोबर आहे. पण कुणाला होणार हे आधी कळत नाही, आणि मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. त्या काळात रोज टीएचसी जाणं आणि मामाच्या वयात जाणं, दोन्ही सारखं नाही.

आणि नुसती भीती? एका विद्यार्थ्यानं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली होती. आईनं आधी घास खाऊन दाखवल्याशिवाय तो डबा उघडायचा नाही. शेजारचे भिंतीआडून आपल्याबद्दल बोलतात, असं तो मला कुजबुजत सांगायचा. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा. अंगारे-धुपारे करण्यात महिने गेले. गांजा ओढतो हे ठाऊक असूनही अब्रूपायी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. गांजामुळं असा झटका आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना पुढं स्किझोफ्रेनियाचं निदान होतं, म्हणून हे महिने फार महागात पडतात.

एमडीपेक्षा बरा, हे तर पोराला कुठलाही माल विकायचं वाक्य आहे.

मुलगा एकटा पडू लागला, झोप उडाली, विनाकारण संशय घेऊ लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्या आणि गांजाचं लपवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या धाकानं थांबला असाल तर एवढं लक्षात ठेवा: 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच कलम 64अ आहे, थोड्या प्रमाणातल्या प्रकरणात स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं.