असू दे, लागेल

सामान भरून झालं, बॅग पाठीवर घ्यायला गेले आणि बॅग काही हलेना, मीच तिच्यावर वाकले ती तशीच राहिले. तीन महिन्यांची ट्रिप, परदेशात, एकटीने, पाठीवर फक्त एक बॅग, असं मी गेले सहा महिने भेटेल त्याला ऐकवत होते, पण त्यातला 'पाठीवर' हा शब्द मी स्वतःच कधी नीट ऐकला नव्हता.

मग वजन केलं. काट्यावर बॅग ठेवली की आकडाच तिच्याखाली झाकला जातो, म्हणून आधी बॅग घेऊन उभं राहायचं, मग बॅगेशिवाय उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. बॅगेसकट ७५.४ आणि बॅगेशिवाय ६१.२, म्हणजे बॅग १४.२ किलो. खरं सांगू का, त्या वेळी धक्का मला ६१.२ चाच जास्त बसला होता, पण तो विषय वेगळा. बऱ्याच एअरलाइन्स केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात, त्यात दीड किलो तर रिकामी बॅगच खाते. राहिले साडेपाच. दादा म्हणाला, मग चेक-इन कर की, त्यात काय! अरे बाबा, विमानातून उतरल्यावर पुढे तीन महिने बस, मेट्रो आणि चौथ्या मजल्यावरची हॉस्टेलं आहेत, तिथे जिन्याच्या तळाशी चेक-इन काउंटर नसतो.

मग सगळं परत पलंगावर ओतलं. त्यात छोटी कात्री, सुईदोरा, तीन पेनं, दोन टॉर्च (मोबाइलमधला तिसरा), शिट्टी आणि कपडे वाळत घालायची दोरी निघाली. शिट्टी का, हे मला अजून कळलेलं नाही. यातली एकही वस्तू मी मूर्खासारखी घेतलेली नव्हती हं, प्रत्येक वेळी हातात धरून नीट विचार केला होता आणि मग 'असू दे, लागेल' म्हणून आत टाकली होती. 'असू दे' चं वजन कुठल्याच काट्यावर येत नाही, ते डायरेक्ट खांद्यावर येतं.

कपड्यांचं गणित तर मी पायापासूनच चुकवलेलं. तीन महिने म्हणून अकरा टी-शर्ट. एका खूप फिरलेल्या मैत्रिणीने ते बघितलं आणि शांतपणे विचारलं, तिकडे पाणी नसतं का गं? तिचं म्हणणं, आठवड्याचे आणि तीन महिन्यांचे कपडे सारखेच, आठवडा झाला की धुवायचे. मोजे तीन जोड, एक पायात, एक वाळत, एक बॅगेत. टी-शर्ट जमलं तर मेरिनो लोकरीचे, त्यांना घामाचा वास लवकर धरत नाही, आणि जाड स्वेटरऐवजी पातळ पातळ थर, आतला, फ्लीस (हलकं, उबदार जॅकेट) आणि वरून रेन जॅकेट. सगळं पटलं, फक्त जीन्सवर गाडी अडली. जीन्स पाऊण किलोची आणि भिजली की दोन-दोन दिवस वाळत नाही हे मान्य, पण बाकीच्या त्या झटपट वाळणाऱ्या पँटमध्ये मी हरवलेले ट्रेकर शोधायला आलेली बाई दिसते. जीन्स राहिली.

मग मी पॅकिंग क्यूब, म्हणजे कपडे दाबून भरायच्या चेनच्या छोट्या पिशव्या, आणले आणि दोन दिवस हवेत होते, कारण सगळं दाबून दाबून निम्म्या जागेत बसलं, परत काट्यावर चढले तर वजन तेवढंच. उरलेल्या जागेत मी उत्साहाने अजून थोडं भरलं होतं, त्यामुळे तेवढंच नाही, जास्तच.

लिक्विडचं एक वेगळंच. २००६ मध्ये लंडनला विमानं लिक्विड बॉम्बने उडवायचा कट पकडला गेला, तेव्हापासूनचा तो १०० मिलीचा नियम बऱ्याच एअरपोर्टवर अजून आहे, आणि तिथे बाटलीत उरलंय किती हे बघत नाहीत, बाटली केवढ्याची आहे ते बघतात. माझी २०० मिलीची, तळाशी चार थेंब असलेली बाटली गेली आणि मी उगाच हुज्जत घालत बसले. तेव्हापासून शाम्पूची वडी. हेअर ड्रायर मात्र मी स्वतःहून काढला, कारण अडॅप्टरने फक्त पिना बदलतात, व्होल्टेज नाही, आणि फोनच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं तसं माझ्या ड्रायरवर नव्हतं.

एकटीने जाण्यात वजनाचा तोटा आहे हे कोणी सांगत नाही. दोघं असले की टूथपेस्ट एक, अडॅप्टर एक, औषधांची पिशवी एक, आणि एक टॉयलेटला गेलं की दुसरं बॅगा सांभाळायला उभं राहतं. एकटीला बॅगेसकट टॉयलेटमध्ये जावं लागतं. दार आत उघडणारं, बॅग पाठीवर, वळायला जागा नाही, खाली ठेवावी तर जमीन ओली... सामान कमी करायचा खरा निर्णय मी तिथे, एका पायावर उभं राहून घेतला.

तोपर्यंत निघून आठवडा झाला होता. हॉस्टेलमध्ये एक फळी असते, नको असलेलं तिथे ठेवायचं, ज्याला हवं तो नेतो. दोरी ठेवली, तासाभरात गेली. शिट्टीसुद्धा गेली! मग मन घट्ट करून जीन्स छान घडी घालून ठेवली. पहिल्या दिवशी कोणी नेली नाही. दुसऱ्या दिवशी एकीने उचलली, अंगाला लावून बघितली आणि परत ठेवली, घडीसुद्धा घातली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारचं अर्धं संपलेलं सनस्क्रीन गेलं, जीन्स तिथेच. चौथ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत मी ती परत बॅगेत टाकली.