सहा-कलमी पट्टा

जी गाडी जागची हलत नाही तिला पट्टा कशाला, हे आमच्याकडं आधी आईनं विचारलं, मग बायकोनं, आणि मग दूध घालायला येणाऱ्या माणसानंही. प्रश्न रास्त आहे. सोलापुरात खऱ्या गाडीतला पट्टासुद्धा सात रस्त्याला पोलीस दिसला की ओढून नुसता हातात धरायचा असतो आणि चौक मागं पडला की सोडून द्यायचा असतो. अशा गावात, जुळे सोलापूरच्या दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत ताशी शून्य किलोमीटर वेगानं धावणाऱ्या सिम्युलेटरला, म्हणजे पडद्यावरची शर्यत चालवायच्या खुर्चीला, शर्यतीच्या गाडीचा सहा टोकांचा पट्टा लावायचा म्हटल्यावर लोक विचारणारच.

उत्तर माझ्याकडं तयार होतं. आपला ब्रेक लोडसेलचा. पेडल किती खाली गेलं ते तो मोजत नाही, किती जोरानं दाबलं ते मोजतो. मी तो पन्नास-साठ किलोवर लावून ठेवलाय, आणि पायानं तेवढा रेटा दिला की बूड सीटमधून वर सरकतं. मांडीवरचा पट्टा ते खाली धरून ठेवतो. हे झालं शास्त्र. खांद्यावरच्या पट्ट्यांना मात्र शास्त्राचा आधार नाही. खऱ्या गाडीत ब्रेक लागला की अंग पुढं फेकलं जातं. इथं खुर्चीच जागेवर, अंग कुठं जाणार? ब्रेकबरोबर मोटरनं पट्टे आवळणारी यंत्रं मिळतात म्हणे विकत, पण छाती आवळायला त्यांची किंमत पुरेशी आहे. खरं कारण निराळं. बकेट सीटला, म्हणजे शर्यतीच्या गाडीतल्या खोलगट खुर्चीला, खांद्यापाशी पट्टे ओवायला दोन भोकं असतात. पट्टा नसला की ती रिकामी भोकं दिवसभर आपल्याकडं बघत बसतात.

मग निवड. चार टोकांचा, म्हणजे दोन खांद्यांची आणि दोन मांडीवरच्या पट्ट्याची, स्वस्त पडतो. पण खांद्याचे पट्टे ताणले की मांडीवरचा पट्टा पोटावर चढतो आणि धडकेत माणूस त्याच्याखालून पुढं घसरतो. म्हणून पाचवा, मांड्यांमधून. सहाव्यामुळं त्या एकाचे दोन होतात, एकेका मांडीला एकेक. पुरुषमाणसाला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. फॉर्म्युला वनमध्ये १९७२ पासून सहा टोकांचाच पट्टा सक्तीचा आहे, हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, विमानाला एकच असतो. आणि ते उडतं."

रुंदी दोन इंच की तीन, यावरही बराच खल झाला. मानेच्या बचावासाठी हान्स नावाचं कवच घालणारे चालक खांद्याला दोन इंची पट्टा घेतात, त्या कवचावर तो नीट बसतो म्हणून. मी मानेभोवती पंचा घालतो. तीन इंची ठरला. सगळ्यात जास्त वेळ रंगात गेला, ते जाऊ दे.

किमतीचा तोडगा निघाला तो एका नियमामुळं. एफआयए या मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणाच्या पट्ट्याला मुदत असते. त्यानंतर पट्टा दिसायला कोरा करकरीत असला तरी शर्यतीत चालत नाही, कारण ऊन आणि घाम यांनी धागा आतून कमजोर होतो. शर्यतवाल्यांच्या दृष्टीनं तो रद्दी. सिम्युलेटरवाल्यांच्या दृष्टीनं लॉटरी. मी असाच एक जुना मागवला. खोकं फुटल्या फुटल्या आईनं चष्मा लावून लेबल वाचलं. शेंगाचटणीच्या पाकिटावरची तारीखसुद्धा उजेडात नेऊन बघणारी बाई ती. "एक्स्पायर झालेलं आणलास होय रे?" मी म्हणालो, "आई, हे खायचं नाहीये." "मग बांधायचंय ना अंगाला? परत दे." रात्रीपर्यंत ही बातमी पुण्याच्या मावशीकडं पोचली होती.

खरी कटकट बसवण्यात होती. खांद्याचे पट्टे सीटच्या भोकांतून मागं जवळजवळ आडवे जावे लागतात. खाली झुकले तर वीस अंशांपर्यंत, जास्त नाही. ते सरळ जमिनीकडं ओढून बांधले तर धडकेत मणका दाबला जातो. माझ्या खोलीत धडक व्हायची तर ती कपाटाशीच, पण नियम तो नियम. म्हणजे सीटच्या मागं, खांद्याच्या उंचीला, आडवा दांडा हवा. मांडीच्या पट्ट्यांना आयबोल्ट, म्हणजे डोक्याला कडी असलेले बोल्ट, हवेत, तेही ७/१६ इंची यूएनएफ या बारीक आट्यांचे, इंचाला २० आटे. बाजारातल्या हार्डवेअरवाल्यानं शांतपणे विचारलं, "ट्रॅक्टर कुठला?"

शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर गाठला. हयात यंत्रमागाचे सुटे भाग करण्यात गेलेली.

"गाडी कुठली, मालक?"

"गाडी नाही. खुर्ची आहे."

"मग पट्टा कशाला ओ?"

"हलू नये म्हणून."

"कोण? खुर्ची?"

पण माणूस कामाचा पक्का. माझ्या सिम्युलेटरच्या सांगाड्याच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या, म्हणजे खाचा असलेल्या दांड्यांच्या, खाचेत आठ एमएमच्या वर बोल्ट जात नाही हे त्यानं एका नजरेत ओळखलं, जाड पत्र्याच्या पट्ट्या कापून त्यांत आयबोल्टची भोकं पाडली आणि मागचा दांडा घरी येऊन स्वतः आवळला. मग दोन्ही हातांनी त्याला लोंबकळून म्हणाला, "बैल बांधा."

दांड्याला पट्टा ओवणं मात्र माझ्या वाट्याला आलं. तीन दांड्यांची एक लोखंडी चौकट असते. पट्टा तिच्या एका फटीतून वर काढायचा, मधल्या दांडीवरून दुसऱ्या फटीत घालायचा, मागच्या दांड्याला वळसा द्यायचा आणि पुन्हा त्याच वाटेनं, त्याच पट्ट्याच्या पोटाखालून परत आणायचा. हा परतीचा वळसा राहिला तर पट्टा जोर येताच सरकतो. तीन इंची विणीचा पट्टा दुमडता दुमडत नाही. नखाच्या आतली कातडी सोलवटते. बायको दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या साडीच्या निऱ्यांना हसत होता ना?"

पहिल्याच दिवशी पाणी आलं. सोलापुरात नळाला पाणी येतं ते दिवसांच्या हिशेबानं, आणि आलं की घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. मी जर्मनीतल्या नुर्बर्गरिंग या शर्यतमार्गाच्या २०.८ किलोमीटरच्या फेरीत निम्म्यावर, कानावर हेडफोन, अंगावर सहा पट्टे. बायकोच्या हाका मला टायरच्या आवाजात ऐकू आल्या नाहीत. फॉर्म्युला वनच्या चालकाला सात सेकंदांत गाडीबाहेर पडता यावं लागतं. पोटावरची चकती फिरवली की सगळे पट्टे एकदम सुटतात, ती सोय त्याचसाठी. माझी चकती आईनं फिरवली, तिसऱ्या हाकेनंतर आत येऊन. मोटर सुरू करायला मी धावलो तेव्हा मांड्यांमधले दोन पट्टे पायांत लोंबत होते.

फॅब्रिकेटर उरलेले पैसे घ्यायला आला आणि आपलं काम बघतो म्हणून सीटवर बसला. मे महिना, अंगात बनियन. पट्टा मानेला काचेल म्हणून बायकोनं त्याच्या खांद्यांवर टॉवेल घातला. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही. त्यानं सहाही पट्टे स्वतः आवळले, दोन वळणं हळू काढली, सरळ रस्ता लागल्यावर मात्र पाय दाबला. काटा दोनशेच्या पुढं गेला आणि लाइट गेली.

पडदा काळा, पंखा बंद. ताशी दोनशेवरून एका क्षणात शून्य. अंधारात तो जरा वेळ गप्प बसला, मग आधी डावा खांदा चाचपला, मग उजवा.

"बघा मालक," तो म्हणाला, "तसूभर हललो नाही. पट्टा काम करालाय."