गोवा महाराष्ट्रातून फुटला नव्हता, काका

काल संध्याकाळी आजीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "परत फूल नि दोन पानां आयलीं काय रे?" आत्याचे यजमान, आमचे नागपूरचे काका, यांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज: '१९६७ साली सार्वमत घेऊन गोवा महाराष्ट्रातून वेगळा केला, लगेच राज्यही दिलं. हा हक्क घटनेनेच दिलाय. मग विदर्भात सार्वमत का नाही? पुढे पाठवा.' आजी पेडण्याची, म्हणजे गोव्याच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या तालुक्यातली. तिला वाटलं, आता पेडणे तोडायचा नंबर लागला.

काका, विदर्भ वेगळा हवा की नको, त्यात मी पडत नाही. पण आमच्या गोव्याला मध्ये ओढू नका.

गोवा महाराष्ट्रात होता कधी, वेगळा व्हायला? डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज, मग दमण-दीवसह केंद्रशासित. १६ जानेवारी १९६७ चा प्रश्न नेमका उलटा होता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं (फूल) की केंद्रशासितच राहायचं (दोन पानं). फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. आजी-आजोबा फुलवाले, आणि आजीचा मडगावला नोकरीला असलेला सख्खा भाऊ दोन पानांचा. त्या वर्षी चवथीला तो घरी आलाच नाही, हे ती अजून सांगते.

ही मतं अख्ख्या गोव्याची एकत्र धरली होती. पेडणे, डिचोलीत फूल पुढे होतं. तालुकावार हिशेब केला असता तर आज म्हापशाला जाताना मला राज्याची सीमा लागली असती! कुणाला विचारायचं आणि मतं कुठवरची मोजायची, तिथेच अर्धा निकाल लागतो. गोवा घ्यायचा का, हे तेव्हा महाराष्ट्रातल्या मतदाराला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या सार्वमतात विदर्भाचे ११ जिल्हे मत देणार की सगळा महाराष्ट्र? मेसेजात त्याचा पत्ता नाही.

घटनेने दिलेला हक्क म्हणाल, तर घटनेत सार्वमताची तरतूदच नाही. गोव्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. राज्य तोडणं-जोडणं कलम ३ खाली संसदेच्या हातात. विधानसभेचं मत मागवायचं, पाळायचं बंधन नाही. आंध्रच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला तेलंगण झालंच.

'लगेच राज्य'? ३० मे १९८७ उजाडावं लागलं. वीस वर्षांना लगेच म्हणत असाल तर ठीक.

एक मान्य करतो, नाइलाजाने. मतदानाने भाग तोडल्याचं उदाहरण आहे: जुलै १९४७ मध्ये सिल्हेट आसामातून पूर्व बंगालात गेलं. पण तो फाळणीचा मामला, घटनेच्या आधीचा. आणि तिथेही मतमोजणीनंतर करीमगंजकडचा काही भाग आसामातच राहिला. आणि हो, विदर्भाची मागणी हवेतली नाही. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्येच वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. कामाचा तेवढा एक मुद्दा, तो मात्र तुमच्या मेसेजात नाही.

आता तो मेसेज ग्रुपवरून काढा. आजीने कालपासून मोबाईल देवघराच्या फळीवर पालथा घालून ठेवलाय, आणि आत्याचा फोन आला तरी घेत नाही.