६५ इंची टीव्हीबद्दलच्या तुमच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही लिहिलीत, त्याबद्दल आभार. दुकानात झकास दिसणारा टीव्ही घरी फिका वाटतो, सामन्यात चेंडूमागे शेपूट दिसते, मैदानावर उभे पट्टे दिसतात आणि सिनेमा लावला की तो मालिकेसारखा दिसतो, असं तुमचं म्हणणं आहे. शेवटी लिहिलंय, ‘ओएलईडी सोडून हाच मॉडेल गळ्यात मारला.’ हे वाक्य मला लागलं, म्हणून उत्तर मी स्वतः लिहितोय. मोठा टीव्ही घ्यायला निघालेले इतर लोकही हे वाचतील, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी ओएलईडीचं बोलू. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि वेगवान हालचालही स्वच्छ दिसते. रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्याला मी आजही तोच घ्या म्हणेन, इंच कमी झाले तरी चालतील. पण तुमच्या खोलीला मोठ्या खिडक्या आहेत, सामने भर दुपारी चालतात आणि क्रीडा वाहिनी तासन्‌तास लागलेली असते, हे तुम्हीच सांगितलं होतं. अशा उजेडात मिनी एलईडीचा, म्हणजे एलसीडी पडद्यामागे बारीक दिवे लावलेल्या टीव्हीचा, प्रखर बॅकलाइट जास्त उपयोगी पडतो. शिवाय धावफलकाची पट्टी आणि वाहिनीचा लोगो रोज एकाच जागी राहिला, तर ओएलईडीवर कालांतराने त्याचा डाग उमटण्याचा धोका असतो. नव्या पॅनलमध्ये तो कमी झालाय, संपलेला नाही. त्यातून तुमच्या बजेटमध्ये ओएलईडी ५५ इंचांचाच बसत होता. ५५ आणि ६५ मध्ये फरक दहाच इंचांचा वाटतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. तुम्ही अडीच मीटरवर बसता. तेवढ्या अंतरावर ६५ इंची पडदाच शोभतो, सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षकही नीट दिसतो. म्हणून १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारा, मिनी एलईडी सुचवला. आज आलात तरी हाच सुचवेन.

आता चेंडूमागची शेपूट. तुम्ही लिहिलंय की चेंडूभोवती धुरकट कडा येते आणि कधीकधी चेंडू क्षणभर गायबच होतो. हे वर्णन अगदी नेमकं आहे, त्यावरून माझा पहिला संशय मोशन स्मूदिंगवर जातो. यात टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः अंदाजाने तयार करतो. संथ दृश्यात अंदाज बरोबर येतो. लहान, वेगवान चेंडू प्रेक्षकांच्या गर्दीसमोरून गेला की चुकतो, आणि मग तीच कडा, तेच गायब होणं. पिक्चर सेटिंगमध्ये मोशनच्या पर्यायात जा. तिथे सहसा दोन पट्ट्या असतात, एक धूसरपणा कमी करायची आणि एक झटके कमी करायची. सामन्यासाठी पहिली मध्यम ठेवा, दुसरी अगदी कमी. ‘स्पोर्ट्स’ नावाचा मोड मात्र टाळा. त्यात बहुतेक वेळा स्मूदिंग आणि रंग दोन्ही भडक करून ठेवलेले असतात. साधा ‘स्टँडर्ड’ बरा.

एवढं करून थोडी शेपूट उरेल, ती एलसीडी पॅनलची मर्यादा आहे. त्यातल्या द्रव स्फटिकांना वळायला वेळ लागतो, विशेषतः गडद छटांमध्ये. आणि सामना अ‍ॅपवर बघत असाल तर मूळ चित्रच तपासा. क्रीडा प्रक्षेपण साधारणपणे सेकंदाला ५० किंवा ६० चित्रांचं असतं. अ‍ॅपने तेच २५ किंवा ३० वर आणलं, तर कुठल्याही टीव्हीवर चेंडू उड्या मारतच जाणार.

सिनेमा मालिकेसारखा दिसण्यामागेही हेच स्मूदिंग आहे. सिनेमे बहुतेक सेकंदाला २४ फ्रेमचे असतात आणि ती लय मोडली की चित्र गुळगुळीत होतं. ‘फिल्ममेकर’ मोड लावा, त्यात स्मूदिंग बंद असतं. १२० हर्ट्झचा फायदा इथेही मिळतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून प्रत्येक फ्रेम सारखीच पाच वेळा दिसते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते. खोक्यावरच्या ‘मोशन रेट २४०’ अशा आकड्यांवर कुणीही जाऊ नये. पॅनलचा मूळ रिफ्रेश रेट, म्हणजे खरे हर्ट्झ किती, ते विचारावं.

फिकेपणाचं सांगायचं तर, आधी इको मोड किंवा प्रकाश सेन्सर चालू आहे का पाहा. तो गुपचूप बॅकलाइट उतरवतो. दुकानात चालते ती खास बनवलेली फोर-के क्लिप असते, तर एचडी वाहिनीवर तिच्या फार तर चौथा हिस्सा पिक्सेल असतात. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त वेग सुचवतं. तुमचा प्लॅनही फोर-केचाच हवा. वायफाय अडखळत असेल तर सरळ लॅन केबल लावा.

राहिले हिरवळीवरचे पट्टे. इथे मी सेटिंगचा सल्ला देऊन हात झटकणार नाही. कॅमेरा मैदानावरून आडवा फिरतो तेव्हा बॅकलाइटचा आणि पॅनलचा असमानपणा हिरव्या रंगावर उघडा पडतो. एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींमध्येही तो सारखा नसतो. करड्या रंगाची चाचणी क्लिप लावून पडद्याला नाक लावलं तर थोडे डाग जवळजवळ प्रत्येक एलसीडीवर सापडतील, त्याची काळजी नको. पण तुमच्या नेहमीच्या जागेवरून, चालू सामन्यात, चेंडू सोडून नजर पट्ट्यांकडेच जात असेल, तर तो पीस मला परत हवाय.

दुकानात फोन करा, आमचा तंत्रज्ञ घरी येईल. शक्यतो सामना चालू असतानाची वेळ द्या, म्हणजे पट्टे त्यालाही तुमच्याच सोफ्यावरून बघता येतील. खोका आणि पायांचे स्क्रू तोवर टाकू नका. पट्टे दिसले तर त्याच मॉडेलचा दुसरा पीस आणू, तुमच्यासमोर हिरवळीवर चालवून दाखवू आणि तुम्ही हो म्हणाल्यावरच भिंतीवर चढवू.

— दुकानमालक